मिंटरांचं निळ्या काठाचं भांडं

ऑर्फा,

पत्रं लिहायची मला सवय नाही आणि तुला वाचायची नव्हती. चीफची चिठ्ठीसुद्धा तू खिडकीशी धरून, ओठ हलवत वाचायचीस. तेव्हा हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही याचं मला फारसं दुःख नाही. पण परवा चर्चच्या तळघरात बायका तुझ्याबद्दल इतकं गोड बोलत होत्या की मी बिनसाखरेची कॉफी अर्धी टाकून उठले. ऑर्फी म्हणजे देवदूत, म्हणे. तू कसली देवदूत! तू हट्टी होतीस, तुझ्या गाडीला ओल्या कुत्र्याचा वास यायचा, आणि तू कुणाचं ऐकून घ्यायची नाहीस. म्हणून म्हटलं, झालं ते एकदा नीट सांगून टाकावं. लोकांना सांगायचं तर तुला ‘ती’ म्हणावं लागेल. मीही त्यात आहे, नको तितकी आहे. माझा भाग आला की हेट्टीबाई म्हणेन, गाव म्हणतं तसं.

तर ऑर्फा सिझमोर पोलीस झाली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. त्याआधी चौदा वर्षं ती शाळेची बस चालवायची. आमच्या हॅडली फोर्क गावाच्या वर डोंगरात जेवढ्या घळी आहेत, तेवढ्या तिला थांब्यांनिशी पाठ होत्या. कुणाचं नाव निघालं की ती आधी त्याची सीट सांगायची. “ट्रॉय लाइव्हली? डावीकडची चौथी. खिडकीतून थुंकायचा.” मग खाणी बंद झाल्या, मुलं कमी झाली, शाळा पलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळली आणि बस गेली. पोलीस चीफ बॅस्कम म्हणाले, तुला सगळी घरं माहीत आहेत, तू आमच्याकडे ये. चीफ, एक तरुण पोलीस आणि ऑर्फा. झालं आमचं पोलीसखातं.

कंबर मोडलेल्या खाणकामगारांना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या महाग झाल्यावर पुड्या आल्या, पुड्यांमागून सुया आल्या. ऑर्फाला हे सगळं सीटांच्या हिशेबानं कळत गेलं. डावीकडची चौथी गेली. उजवीकडची दुसरी गेली. मागच्या लांब बाकावरचे तिघं एकाच उन्हाळ्यात गेले. पोलिसांची गाडी चालवतानाही तिची दर वळणाला वरच्या आरशात बघायची सवय सुटली नव्हती. मागं कुणी नसायचंच. तरी बघायची, आणि एकदा म्हणाली, “बाई, मला वाटतं मी अजून तीच बस चालवतेय. फक्त थांबा न येताच पोरं उतरतायत.”

एप्रिलमध्ये काउंटीनं, म्हणजे जिल्ह्यानं, पोलिसांकडे खोकी पाठवली. नाकात मारायचा फवारा. नशेत श्वास थांबलेल्या माणसाला तो मारला तर माणूस परत येतो. एका पाकिटात दोन. गावात वाटा, असा हुकूम होता. चीफनी पोस्टासमोर टेबल मांडलं, कापड घातलं, ऑर्फाला बसवलं. चार तासांत एक म्हातारा फुकट पेन आहे का विचारून गेला. एक बाई तीनदा लांबून फेरी मारून गेली, तिसऱ्यांदा रडत होती, पण टेबलाशी आली नाही. पोलिसाच्या हातून ते पाकीट घ्यायचं म्हणजे भर रस्त्यात सांगायचं की आमच्या घरात सुई आहे.

“डोनट ठेवले असते तर रांग लागली असती,” चीफ म्हणाले.

“तुमच्यापुढं उरले असते तर ना!” ऑर्फा म्हणाली आणि खोकी उचलून गाडीत टाकली.

आता भांड्यांचं. मयताच्या जेवणाला घरोघरून भांडी येतात. कुणाच्या शेंगा, कुणाचं बटाट्याचं सॅलड, कुणाची केळ्याची खीर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. जेवणं उरकली की भांडी तळघरात राहतात, ज्याची त्यानं न्यावीत. त्या वर्षी इतकी मयतं झाली की फळ्या पुरेनात. तळघराची किल्ली हेट्टीबाईंकडे होती आणि त्या वैतागलेल्या होत्या. शाळेत छत्तीस वर्षं विज्ञान शिकवून झाल्यावर म्हातारपणी दुसऱ्यांचे काचेचे ट्रे मोजायचे म्हणजे काय!

ऑर्फा तिथं उभी राहून फळ्यांकडे बघत राहिली. मग एकेक भांडं उलटं करून नावं वाचायला लागली. ओठ हलवत.

“बाई, भांडं रिकामं परत द्यायचं नसतं ना?”

“तुझ्या आईनं शिकवलं नाही का?”

“शिकवलं. म्हणून तर विचारतेय.”

दुसऱ्या दिवसापासून ती पोलिसांच्या गाडीतून, अंगावर वर्दी घालून, भांडी परत करत फिरायला लागली. प्रत्येक भांड्यात एक पाकीट. पहिलंच घर ग्रेडी लाइव्हलीचं, ट्रॉयच्या बापाचं. तो जाळीच्या दाराआडूनच बोलला.

“वॉरंट आणलंय?”

“तुझ्या आईचं भांडं आणलंय.”

“आत काय आहे?”

“रिकामं कसं देऊ?”

ग्रेडीनं बघितलं. “आमच्यात आता कुणी घेत नाही.”

“बरं. शेजाऱ्याला दे.”

“म्हणजे शेजारी घेतो म्हणतेस?”

“ग्रेडी, मी काहीच म्हणत नाहीये. माझा पाय दुखतोय. भांडं धर.”

त्यानं धरलं. स्वतःच्या आईचं भांडं पोलिसाच्या तोंडावर कोण नाकारणार? पायरीवर उभी राहून ऑर्फा सगळ्यांना तेच सांगायची. “आधी नाव घेऊन मोठ्यानं हाक मार. छातीच्या हाडावर मूठ घास. उठला नाही तर मान मागं कर आणि नाकात एक फवारा. श्वास मोजत राहा. तीन मिनिटांत नाही आला तर दुसरा. आणि आम्हाला फोन कर.” शेवटचं वाक्य कुणी ऐकल्यासारखं करायचं नाही.

मे महिन्यात चर्चच्या मागच्या पायरीवर भांडी यायला लागली. आत वापरलेला फवारा. चिठ्ठी नाही, फोन नाही. ऑर्फा बुडाचं नाव वाचायची, नवं पाकीट घालायची आणि भांडं घरी पोचवायची. दारात कुणी काही विचारायचं नाही, तीही नाही. तरुण पोलीस म्हणाला, पायरीवर कॅमेरा बसवू. ऑर्फानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं विषय बदलला. “कॅमेरा दिसला की दुसऱ्या दिवशी भांडी बंद. मग तू जा घरोघर, मोज कोण उठलं आणि कोण नाही.”

जूनच्या एका मंगळवारी सकाळी धुकं इतकं होतं की चर्चचा कळस दिसत नव्हता. पायरीवर गाठोडं होतं. जुन्या पिठाच्या पिशवीचं फुलाफुलांचं फडकं, दोन टोकं वर काढून बांधलेली, सशाच्या कानांसारखी. आत पांढरं एनॅमलचं भांडं, काठ निळा. त्यात दोन्ही फवारे, वापरलेले, स्वच्छ धुतलेले. वापरलेला फवारा कोण धुतं?

हेट्टीबाईंनी गाठ बघितली आणि खुर्ची ओढून बसल्या. “ही एल्वा मिंटरची गाठ आहे.”

ऑर्फानं भांडं उलटं केलं. चिकटपट्टी तपकिरी पडली होती, अक्षरं फिकट. मिंटर.

एल्वा मिंटर जाऊन नऊ वर्षं झाली होती. स्लेट घळीतलं तिचं घर रिकामं होतं. तिचा मुलगा डॉइल पोरीला घेऊन ओहायोला निघून गेला होता. नऊ वर्षं तळघराच्या मागच्या फळीवर पडलेलं भांडं ऑर्फानंच मे महिन्यात नाव वाचून, पाकीट घालून त्या ओसाड घराच्या ओसरीत ठेवलं होतं. कुणी नव्हतं, पण भांडं त्या घराचं होतं. ती अशी होती. कागदावर जे लिहिलंय ते करायचं.

ती परत वर गेली. स्लेट घळ बसचा शेवटचा थांबा. तिथं ऊन अकराला येतं आणि तीनला जातं, बाकीचा दिवस सगळं पाण्याखाली असल्यासारखं. दाराला साखळी, धुराड्यात धूर नाही, ओसरीवर वेल चढलेली. पण ओसरी झाडलेली होती. झाडूचे फराटे दिसत होते, आणि पाऊल एकही नव्हतं.

तिनं भरलेलं भांडं ठेवलं. पुढच्या मंगळवारी गाठोडं पायरीवर हजर. दोन फवारे, धुतलेले. त्याच्या पुढच्या मंगळवारीही.

गावात कुजबुज सुरू झाली. एल्वा मॅमॉ, एल्वा आजी, आपल्या भांड्यासाठी परत आली, म्हणे. चीफ हसले. “भुतं नशा करत नाहीत, ऑर्फी.”

“भुतांना फवाराही लागत नाही,” ऑर्फा म्हणाली. “चीफ, श्वास थांबलेल्या माणसाला स्वतःच्या नाकात फवारा मारता येतो का?”

“नाही.”

“मग तिथं दोघं आहेत. एक दर आठवड्याला मरतो. दुसरा त्याला परत आणतो.”

चीफचं हसू थांबलं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “डॉइल मिंटरवर वॉरंट आहे हे लक्षात आहे ना? ओहायोत जामिनावर सुटला आणि पळाला तो.”

“मला तिथं कुणी दिसलेलं नाही,” ऑर्फा म्हणाली. ते खरंच होतं.

पण तिला झोप लागेना, ती डॉइलमुळे नाही. डॉइलची पोर टॅन्सी. ड्रायव्हरमागची पहिली सीट. सहा वर्षं ती पोर ऑर्फाच्या मानेमागं बसली आणि सहा वर्षांत एक शब्द बोलली नाही. शेवटच्या थांब्यावर उतरायची आणि रस्त्याच्या कडेला उभी राहायची, दप्तर छातीशी धरून. बस वळून खाली जाईपर्यंत घराकडे पाऊल टाकायची नाही. ऑर्फाला वाटायचं, पोर लाजते. रोज हात हलवून ती बस वळवायची. सहा वर्षं.

ऑगस्टमध्ये एके दिवशी ती पावणेचारला तिथं गेली, बसच्या वेळेला. गाडी वळणावर उभी केली, भरलेलं भांडं ओसरीवर ठेवलं आणि पायरीवर बसली. घळीत एकही पाखरू बोलत नव्हतं. मग भिंतीच्या आतून आवाज आला. हळू, सारख्या लयीत, एखादी पोर पाढे म्हणते तसा. “चार... पाच... सहा...” मग लांब थांबणं. इतकं लांब की ऑर्फानं स्वतःचाच श्वास धरला. “सात.”

कुणीतरी कुणाचे तरी श्वास मोजत होतं.

दाराला साखळी बाहेरून होती. ऑर्फा दाराशी वाकली. “टॅन्सी? शेवटचा थांबा आला, पोरी.”

मोजणं थांबलं. मग दाराच्या फटीजवळून, अगदी कानाशी, एक आवाज आला. तो तिनं सहा वर्षांत कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला.

“आधी गाडी वळव, ऑर्फी.”

“मला आत येऊ दे.”

“तू आत आलीस की तुला बाबांना न्यावं लागेल. तुझ्या अंगावर ती वर्दी आहे. तुरुंगात कोण मोजणार?” मग थोडं थांबून, “मी लहानपणापासून मोजतेय. मला येतं. तू फक्त भांडं भर.”

तेव्हा ऑर्फाला कळलं, ती पोर रस्त्याच्या कडेला कशासाठी उभी राहायची. आत जाऊन काय दिसेल ते दुसऱ्या कुणी बघू नये म्हणून. आणि रोज हात हलवून बस कुणी वळवली?

“आणि तू?” तिनं विचारलं. “तू घेतेस का?”

आत पुन्हा मोजणं सुरू झालं, पहिल्यापासून. एक.

ऑर्फानं गाडी वळवली. वळताना आरशात बघितलं. ओसरीवर कुणी नव्हतं, पण तिनं ठेवलेलं भांडंही नव्हतं.

हे तिनं एकट्या हेट्टीबाईंना सांगितलं, तळघरात, भांडी पुसताना. हेट्टीबाई म्हणाल्या, “कायद्यानं तुझी नोकरी जाईल.” ती म्हणाली, “बाई, नियमानं बस वळवण्यात त्या पोरीची सहा वर्षं गेली.” आणि मंगळवार चालू राहिले. आता गाठ बघितली की ती म्हणायची, “आहे. माझी पहिली सीट आहे अजून.” आजीनं शिकवलेली सशाच्या कानांची गाठ. ती दिसली म्हणजे मोजणारी जागी आहे. ऑर्फाला बाकी काही नको होतं. डॉइल जगावा असंही तिचं फार काही नव्हतं, खरं सांगायचं तर. मोजणारी राहावी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी ती पहाटेच चर्चमागं आली. त्या दिवशी तिला शहरात जायचं होतं. हृदयाची झडप, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, चीफ सोडायला येणार होते. धुक्यात गाठोडं दिसलं आणि ती जागीच थांबली.

कान नव्हते. फडकं कसंबसं गुंडाळून एकच घट्ट, वेडीवाकडी गाठ मारलेली, घाईत मारतात तशी. पुरुषी गाठ. आत दोन फवारे. न धुतलेले.

म्हणजे या वेळी बाप मोजत होता.

ती भांडं घेऊन हेट्टीबाईंच्या दारात आली. नवं पाकीट आत होतं, वर आणखी एक. चीफची गाडी कोपऱ्यावर भोंगा वाजवत होती.

“बाई, आजच्या आज. उद्या नाही.”

“अगं, ठेवते ना ओसरीवर. मला काय रस्ता माहीत नाही?”

“ओसरीवर नाही! दार वाजवा. साखळी नुसती अडकवलेली असते, काढा. आत जा. ती शुद्धीवर असेल तर तिला गाडीत घाला आणि खाली आणा. नसेल तर नाव घेऊन हाक मारा, फवारा मारा. तुमच्या अंगावर वर्दी नाही, तुम्हाला ती घाबरणार नाही. आणि बाई,” तिनं हेट्टीबाईंचं मनगट इतकं दाबलं की दोन दिवस वळ राहिला, “काही झालं तरी गाडी वळवू नका. ती सांगेल. तरी वळवू नका.”

हेट्टीबाई म्हणाल्या, “जा आता, नाहीतर चीफ भोंगा जाळतील.”

आता ‘हेट्टीबाई’ पुरे. पुढचं मलाच सांगितलं पाहिजे, ऑर्फा.

मी गेले. साडेदहाला निघाले. भांडं शेजारच्या सीटवर होतं. स्लेट घळीत ऊन उतरलं नव्हतं. वळणावर पोचले तेव्हा ओसरी दिसत होती, कमरेपर्यंत धुकं, त्याच्यावर ओसरी तरंगत असल्यासारखी. आणि ओसरीवर कुणीतरी उभं होतं.

मला अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली आहेत. छत्तीस वर्षं मी पोरांना सांगितलं की जे मोजता येत नाही ते नसतं. ती बाई होती की पोर, सांगता येत नाही. ठेंगणी. हात पुढं एप्रनमध्ये गुंडाळलेले, एल्वा मयताच्या जेवणाला दारात उभी राहायची तसे. टॅन्सी असेल. तिनं आजीचा एप्रन घातला असेल. मी हे स्वतःला शंभर वेळा सांगितलंय. पण ती हलत नव्हती. माझ्याकडे बघत होती आणि वाट बघत होती. कशाची, ते मला कळलं. कुणी काही बोललं नाही, हाक मारली नाही. मी चाक फिरवलं.

मी वळवली, ऑर्फा. तू नको म्हटलं होतंस आणि मी वळवली. तेव्हा मला वाटलं, तिला तेच हवंय, हा त्यांच्या घरचा रिवाज आहे, मान ठेवावा. हे मी तळघरातल्या बायकांना सांगितलं तर त्या माना डोलावतील. तुला सांगते, मी घाबरले होते. आरशात बघितलं नाही. खाली पक्क्या रस्त्याला लागल्यावर बघते तर भांडं सीटवरच.

संध्याकाळी तू हॉस्पिटलातून फोन केलास. “दिलं?” मी म्हटलं, “दिलं.” “हातात?” “हातात.” तू इतका मोठा श्वास सोडलास की मला तो फोनमध्ये ऐकू आला. “कशी आहे माझी पहिली सीट?” “बरी आहे,” मी म्हटलं, “बारीक झालीय.” मी मनाशी म्हटलं, सकाळी जाईन, मग हे खोटं राहणार नाही. सकाळी पाऊस होता. शुक्रवारी तू गेलीस, आणि मग तुझ्याच मयताला बेचाळीस भांडी आली.

चीफना मी दुसऱ्या सोमवारी सांगितलं, तेही निम्मंच. ते वर जाऊन आले. साखळी होती, आत कुणी नव्हतं, जमीन झाडलेली, अंथरुणं घडी करून ठेवलेली. मागच्या दोरीवर पिठाच्या पिशवीचं एक फडकं वाळत घातलेलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरून बघितलं. ओलं होतं, म्हणाले.

त्यानंतर कुठल्याही मंगळवारी पायरीवर गाठोडं आलेलं नाही. येणार कशात? भांडं माझ्याकडे आहे. फ्रिजवर ठेवलंय, भरलेलं, दोन्ही पाकिटं आत. त्यांच्यावर मार्चपर्यंतची मुदत लिहिलीय. गाडीची किल्लीही मी त्यातच टाकून ठेवलीय.